नऊ-दहाची औषधगाडी

आमच्या घरात औषध वेळेवर मिळतं. तुमच्याकडे मिळत असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही. आमच्याकडे मिळतं, कारण आमच्याकडे ते रेल्वेनं येतं! म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत तरी असं मी येईल त्याला सांगत होतो.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. दिवसभर मुंगीएवढ्या स्क्रूंशी झटापट करणाऱ्या माणसाला घरी येऊन खेळण्यातली रेल्वे जोडावीशी वाटावी, यात काही नवल नाही. बायकोला मात्र अजून नवल वाटतं. लग्नानंतर सहा वर्षं माझं इंजिन, डबे आणि रूळ कपाटावरच्या खोक्यात पडून होते, कारण जमीन ही चालण्यासाठी असते असं तिचं ठाम मत आहे. मग बाबांचं हृदय थोडं कुरकुरलं, ते आमच्याकडे राहायला आले आणि डॉक्टरांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी लावून दिली. ती आठवणीनं नेऊन देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा विसरलो तेव्हा बायको जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातूनच मला कल्पना सुचली.

स्वयंपाकघरातून निघून बोळातून भिंतीच्या कडेकडेनं थेट बाबांच्या पलंगापर्यंत रूळ! त्यांच्या दाराच्या तळाला मी करवतीनं कमान कापली. गाडी आत गेली की बाबांनी डब्यातली गोळी उचलायची आणि पलंगाशी लावलेलं बटण दाबायचं. स्वयंपाकघरात घंटा वाजली की मी गाडी उलटी घ्यायची. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आणि संध्याकाळी सातला. बायकोनं एकच अट घातली: जो रूळ पायात येईल तो कचऱ्यात जाईल.

बाबांनी पस्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली होती. त्यांना आनंद होईल अशी माझी खात्री होती, आणि झालाच. पहिल्या दिवशी त्यांनी पलंगावर बसून हिरवा रुमाल हलवला. चार महिन्यांत एकदाही घंटा चुकली नाही. ही गोष्ट मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवली की माणसाला पळून जाता येत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठा फायदा आहे.

पुढे मी फ्रिजपासून गॅलरीकडे एक फाटाही काढला, आमच्या कुत्र्याचा खाऊ आणि औषध पोचवायला. गाडी सुटली की तो शेवटच्या डब्यामागून गंभीर चेहऱ्यानं चालत जातो, म्हणून त्याचं नाव गार्ड पडलं. आता गेल्या रविवारी संध्याकाळी पाचला गार्डला नखं कापायला न्यायचं होतं. मागच्या खेपेला त्यानं प्राण्यांच्या डॉक्टरांचा हातमोजा बोटाजवळ फाडला होता. तेव्हा या वेळी त्यांनी शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, एक सकाळी आणि एक निघताना.

मी निळ्या डब्यात बाबांची गोळी ठेवली. लाल डब्यात पावाचा तुकडा ठेवून त्यावर गार्डची गोळी दाबली. नऊ-दहाला गाडी सोडली. बोळाच्या उंबऱ्यावर इंजिन अडखळलं, घसरलं आणि दोन्ही डबे आडवे झाले.

कारण नंतर सापडलं. गार्डचे केस इंजिनाच्या चाकात इतके गुंडाळले गेले होते की त्यातून एक मोजा विणून झाला असता. पण त्या क्षणी माझ्यापुढे जमिनीवर दोन गोळ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्ही शर्टाच्या गुंडीएवढ्या. एकीच्या मधोमध रेघ होती, दुसरीच्या नव्हती.

विचार करा, मी जन्मभर लोकांना बारीक पाहायला लावलेला माणूस! मी जागचा हललो नाही, फळीवरची गोळ्यांची पाकिटं पाहायला चार पावलं गेलो नाही. गाडीला आधीच तीन मिनिटं उशीर झाला होता, आणि चार महिन्यांचा लौकिक पणाला लागला होता. रेघवाली गोळी अधिक भारदस्त दिसते, तेव्हा ती बाबांची, असं मी ठरवून टाकलं. दुसरी नव्या पावात कोंबली आणि गाडी सोडली. थोड्या वेळानं बाबांची घंटा वाजली. मी गाडी उलटी घेऊन फाट्यावर वळवली आणि गार्डनंही गॅलरीत पाव मटकावला. मी चहा टाकला.

चहा उकळताना समोरच्या फळीवर दोन्ही पाकिटं दिसली. सहज हातात घेतली. बाबांच्या पाकिटातल्या गोळ्यांना रेघ नव्हती.

मी बाबांच्या खोलीत धावलो. दार उघडलं तर बाबा आडवे, तोंड उघडं, आणि पावणेदहाला गाढ झोपलेले! सकाळी नऊनंतर बाबांना झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. खरं तर गेल्या चार महिन्यांत मी त्या वेळी त्यांच्या खोलीत गेलोच नव्हतो, पण हे तेव्हा कुठलं सुचायला? मी हाका मारल्या. त्यांचं कानाचं यंत्र उशाशी पडलं होतं, त्यामुळे त्या हाका मलाच ऐकू आल्या. गदागदा हलवलं, तर त्यांनी ‘हं’ म्हणून कूस बदलली. बोळात गार्ड लाल डबा तोंडात धरून शर्यत लावल्यासारखा धावत होता. शांत राहण्याची गोळी त्याच्या पोटात नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

गोळी प्राण्यांच्या डॉक्टरांची, म्हणून मी आधी तिथं फोन केला. एका बाईंनी उचलला. माझी बोबडी वळलेली. गार्डची सकाळची गोळी पोटात गेली आहे आणि आता काही केल्या उठत नाहीत, एवढंच मी कसंबसं सांगितलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नखं कापून घेतील. वजन किती आहे?”

“पासष्ट किलो.”

त्यांनी आकडा पुन्हा विचारून लिहून घेतला. मग म्हणाल्या, खाण्यावर ताबा ठेवा, आणि पाचला आणताना तोंडाला जाळी बांधा. नाक ओलं आहे का तेही त्यांनी विचारलं. सांगायला लाज वाटते, पण मी बाबांच्या नाकाला बोट लावून पाहिलं.

तेवढ्यात बायको न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. माझ्या तोंडून सगळं ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला. एरवी ती मला सोडत नाही. त्या दिवशी मला ओरडायलाही ती थांबली नाही. मी त्यानं जास्त घाबरलो. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बाबांच्या डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, घाबरू नका, एका गोळीनं बहुधा काही होणार नाही. “पण म्हातारं हृदय आणि कुत्र्याचं औषध यांचा हिशोब मी फोनवर करणार नाही. ताबडतोब घेऊन या.”

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर घरसामान हलवण्याचा धंदा करणारा शेजारी आहे. त्याला हाक मारली. माणूस भला, पण सवय सुटत नाही. त्यानं बाबांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खुर्ची आणायला सांगितली. बाबांना खुर्चीत बसवलं, ओरखडे नकोत म्हणून जाड घोंगडीत गुंडाळलं आणि वरून पट्टा आवळला. मग त्यानं पाठीची बाजू धरली, मी पायाची, आणि आम्ही उतरू लागलो. “कोपरा सांभाळा,” तो दर वळणावर सांगत होता. “डावीकडून घ्या. भिंतीला लागू देऊ नका.” मागून बायको औषधांच्या पिशवीसह, तिच्या मागे गार्ड.

मी पायऱ्या उतरत होतो आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. लहानपणी मला ताप आला की याच माणसानं मला असं उचलून दवाखान्यात नेलं होतं. आणि मी त्याला साधी गोळी हातानं नेऊन दिली नाही. डोळ्यांत पाणी आलं. पायरी दिसेना. माझा पाय घसरला आणि खुर्चीला जोराचा हिसका बसला.

बाबांनी डोळे उघडले. घोंगडी पाहिली, पट्टा पाहिला, शेजाऱ्याकडे मान वळवली. मग अगदी शांतपणे विचारलं:

“पावती केली का?”

आम्ही खुर्ची पायऱ्यांच्या वळणावर टेकवली. बायकोनं पिशवीतून कानाचं यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं. ती दंतवैद्याकडे साहाय्यक आहे, यंत्र बसवता बसवताच ती म्हणाली, “बाबा, मोठ्ठा आ करा.” बाबांनी आ केला. तिनं आत पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं.

“बाबा,” मी म्हणालो, “माझ्या हातून चूक झाली. तुम्ही गार्डची गोळी घेतलीत.”

“मी? मी नाही घेतली.”

“गाडीतून आली ती. रेघवाली.”

“हां, ती. वेगळी दिसली. डबीत टाकली.”

“मग आज तुमची गोळी?”

“माझी मी साडेआठलाच घेतो. रोजच.”

आम्ही सगळे पुन्हा वर आलो. बाबा या खेपेला स्वतःच्या पायांनी चढले; शेजारी थोडा नाराज वाटला, रिकामी खुर्ची उचलण्यात त्याला मजा आली नाही. बाबांनी उशाखालून मीच दुकानातून आणून दिलेली चष्म्याची डबी काढली. ती गोळ्यांनी गच्च भरली होती. चार महिन्यांतली एकेक गोळी! सगळ्यांत वर आजची रेघवाली. संध्याकाळी पाय मोकळे करायला जाताना ते औषधांच्या दुकानातून आपलं पाकीट आपण आणत होते.

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पहिल्या दिवशी रुमाल हलवला होता. मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

“अरे, पस्तीस वर्षं मी पार्सलं पाहिली,” बाबा म्हणाले. “निघताना कशी असतात आणि पोचताना कशी असतात. स्वतःची वस्तू मी कधी रेल्वेनं पाठवली नाही. पण तू एवढा खपलास. घंटा वाजली की तिकडून ओरडायचास, ‘पोचली!’ म्हणून. यंत्र काढलेलं असलं तरी मला ऐकू यायचं. मग मी निवांत झोपायचो.”

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, मी पलंगाच्या कडेला बसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. ज्या माणसानं माझ्यावर कवडीचा विश्वास ठेवला नाही, त्याला मी मनोमन हजारदा धन्यवाद दिले. त्यानं ठेवला असता तर?

बायकोनं डोक्याचा टॉवेल सोडला आणि माझ्या तोंडावर फेकला. तिनं डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर ती एकदम म्हणाली, “आणि बाबांची गोळी गार्डनं खाल्ली त्याचं काय?”

पुन्हा धावपळ! गॅलरीत पायपुसणं उचललं तर त्याखाली गोळी होती. पाव चाटूनपुसून साफ, गोळी कोरडी ठणठणीत. तिच्या शेजारी त्याच्या गेल्या महिन्यातल्या जंताच्या दोन गोळ्याही निघाल्या.

म्हणजे हिशेब असा की चार महिन्यांत माझ्या गाडीनं कुणाच्याही पोटात एक कण औषध पोचवलं नव्हतं. दोन मार्ग, एकही माल घेणारा नाही, आणि घंटा मात्र रोज वेळेवर!

त्या संध्याकाळी सातला मी इंजिन खोक्यात ठेवलं. फळीवरचं पाकीट घेतलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, दिव्याखाली नाव वाचलं, तारीख वाचली, गोळी काढली आणि बशीत ठेवून पाण्याच्या पेल्यासह स्वतः बाबांच्या खोलीत गेलो. ते पेपर वाचत होते. मी म्हणालो, आजपासून मी स्वतः आणणार, रोज, दोन्ही वेळा. बाबांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि माझ्यासाठी पलंगावर जागा केली.

“बस,” म्हणाले. “बरं झालं. तेवढीच पाच मिनिटं गप्पा होतील.”

मी बसलो. बाबांनी बशीतली गोळी उचलली. उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग ती हलकेच माझ्या तळहातावर परत ठेवली, उशाखालून आपलं पाकीट काढलं आणि त्यातली एक काढून पाण्याबरोबर घेतली.