घड्याळजीचं लोणी

या घरचा जावई व्हायचं तर लाकडी पिंप फिरवून लोणी काढून दाखवावं लागे. नियम मुलीच्या वडिलांचा. लग्नाआधी सासऱ्यांसमोर त्यांनी याच पिंपातून वीस मिनिटांत लोणी काढलं होतं, आणि ती वीस मिनिटं ते गेली तीस वर्षं सांगत होते.

आज पाळी घड्याळजीची होती. हातात कसब भारी, पण लोकांची घड्याळं दुरुस्त करताना हा बाबा स्वतःची जेवायची वेळ विसरायचा. मुलीला मात्र तोच हवा होता. लोणी आलं नाही तर वडील लग्नाचं नाव काढू देणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दूधघरात गारवा होता. खिडकीतून धुक्याचा मऊ उजेड आत येत होता, सायीचा गोडसर वास भरून राहिला होता. आडव्या पिंपाचा दांडा फिरू लागला. डुबुक, डुबुक. पाचव्या मिनिटाला स्वारी भलतीकडेच पोचली. पिंपात एक ढग आहे, ढगात छोटंसं घर आहे, घरात ती आहे, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवताहेत, तरी कुणाचं काही अडत नाही.

तेवढ्यात मुलगी पावलं न वाजवता आली. थंडीत साय गारठते, लोणी लवकर धरत नाही, म्हणून तिनं झाकण काढून तपेलीभर गरम पाणी ओतलं आणि कुणाला बोलू नका म्हणाली. त्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं तिची आई आली. तीच तपेली, तेच सांगणं. आणि मग, खोटं कशाला सांगू, खुद्द वडील आले! माणूस त्यांनाही आवडला होता. इकडेतिकडे बघत त्यांनीही तपेली रिती केली. घड्याळजीनं तिघांनाही शब्द दिला आणि तो ढगात परत गेला.

दोन तास झाले. पिंप आता गळ्यापर्यंत भरलं होतं, आत घुसळायला जागाच नव्हती. डुबुक बंद पडलं. ढगाला झोप लागली असं वाटून बिचारा दांडा आणखी हळू फिरवू लागला.

शेवटी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आली आणि तिनं सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत कोमट, पांढरं पाणी. पाणी कुणी घातलं, असं तिनं विचारलं. तिघंही छताकडे बघू लागले.

"मीच घातलं," घड्याळजी म्हणाला.

मुलीचे डोळे भरून आले. वडिलांचा चेहरा पडला, पण तोंडातून सवयीनं तेच आलं, "नियम म्हणजे नियम."

"नियमाचं राहू द्या, जावईबापू," मावशी वडिलांना म्हणाली. "तुमच्या वेळी माझ्या बहिणीनं चार तपेल्या ओतल्या होत्या. लोणी मी शेजारून आणून वर सोडलं होतं."

वडिलांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेरचं धुकं बघत होती.

"लग्नाची तारीख तुम्हीच ठरवा," ते मावशीला म्हणाले. त्यांनी पिंप रिकामं केलं, ताजी साय ओतली, बाह्या सरसावल्या आणि घड्याळजीला हळूच बाजूला केलं.

"सरक जरा. मला एकदा तरी काढून बघू दे."