अलफियाला काय म्हणून कायम करायचं?

वासरमाया सहकारी दूध संघाच्या संचालक मंडळाने ठराव क्रमांक सत्तेचाळीस अन्वये कुमारी अलफिया गनीभाई पठाण यांना संघाच्या सेवेत कायम करण्याचं एकमताने ठरवलं. काय म्हणून कायम करायचं, एवढंच ठरवायचं राहिलं.

तशी अलफिया चार वर्षं संघात कामाला होतीच. सुप्याच्या थोडं पुढे, पुण्याच्या रस्त्याला लागून संघाची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर, प्रिंटरला चिकटून अलफियाचं टेबल. संघाची वेबसाइट तिने एकटीने उभी केली होती. मांडणी तिची, रंग तिचे, आतलं कोडिंग तिचं. म्हशींचे फोटो तिने काढले, फोटोंखालचा मजकूर तिने लिहिला. रोजचा दूधदर तीच चढवायची, शेतकऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं तीच द्यायची, चेअरमनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तीच करायची आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही तीच उपसायची.

पण हजेरीपटावर तिचं पद होतं ‘कॅन धुलाई मदतनीस, हंगामी’. कारण संघाचा आकृतिबंध, म्हणजे कोणत्या पदावर किती माणसं याचा मंजूर तक्ता, अठ्ठ्याऐंशी साली झालेला. त्या साली वेबसाइट नावाची वस्तू सुप्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ती कामावर आली तेव्हा तक्त्यात एकच जागा रिकामी होती, तिच्यात तिला बसवलं. त्यामुळे दर जूनमध्ये तिला नियमाप्रमाणे दोन जोड गमबूट, रबरी हातमोजे आणि धुण्याचा साबण मिळे. चार वर्षांत तिने एकही कॅन धुतला नव्हता, पण पठाणांच्या खानदानात गमबुटांवाचून कुणी राहिलं नव्हतं.

खरी पंचाईत गनीभाईंची होती. अलफियाचे अब्बा बाजारात वजनकाटे दुरुस्त करायचे. काटा दोन ग्रॅमने चुकला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाला आपली पोरगी काय करते हे चार लोकांत सांगता येत नव्हतं. टपरीवर कुणी विचारलं की ते म्हणत, “संघात हाय,” आणि घाईघाईने पावसाचा विषय काढत.

सत्तावीस सप्टेंबरला वार्षिक सभा होती. त्या सभेत पदनामासह नाव वाचलं गेलं नाही, तर ठराव आपोआप रद्द आणि आणखी एक वर्ष गमबूट. पुण्याची एक कंपनी अलफियाला बोलावत होती, पण तिला पुण्याला जायचं नव्हतं. तिला इथंच राहायचं होतं आणि आपल्या नावापुढे आपलं काम लिहिलेलं एकदा डोळे भरून बघायचं होतं. मागणं एवढंच होतं, आणि म्हणूनच ते अवघड होतं.

‘पदनाम निश्चिती उपसमिती’ नेमली गेली. तिच्यात चेअरमन सहादेवबापू, कार्यकारी व्यवस्थापक कल्याणराव आणि महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या राहीबाई. राहीबाईंचं काम गणसंख्या पूर्ण करण्याचं.

पहिल्या बैठकीत अलफियाने साधा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘वेब डिझायनर’.

कल्याणरावांनी चष्मा पुसला. “डिझायनर केलं तर उद्या ही म्हणेल, फोटो काढणं माझ्या पदात बसत नाही. तक्रारी कोण बघणार? प्रिंटर कोण बघणार?”

“साहेब, चार वर्षं कॅन धुलाईत राहून मी वेबसाइट केलीच की,” अलफिया म्हणाली.

“त्येच तर म्हंतो,” सहादेवबापू म्हणाले. “तवा तुजं कुटलंच काम पदात बसत न्हवतं, म्हनून तू समदी करत हुतीस. पद बरूबर दिलं का मानूस काम निवडाया लागतो. ह्यो सहकाराचा अनुभव हाय.”

अनुभवापुढे कुणाचं चालत नाही. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या बैठकीत ‘संकेतस्थळ अधिकारी’ हे नाव आलं. ते बापूंना आवडलं, पण कल्याणरावांनी फाइल उघडली. अधिकारी म्हटलं की हाताची खुर्ची आली. खुर्ची आली की पाठीवर टॉवेल आला, टेबलावर घंटी आली, चहा कपबशीतून आला आणि वार्षिक सभेला पहिल्या रांगेतला सोफा आला. सोफा तिघांचा होता आणि संघात अधिकारी आधीच तीन होते. संघाचे शिपाई हनुमंत यांना टेप घेऊन पाठवण्यात आलं. त्यांनी सोफ्याची लांबी आणि तिन्ही अधिकाऱ्यांची रुंदी मोजून लेखी अहवाल दिला की चौथ्या अधिकाऱ्यास साडेचार इंच उपलब्ध आहेत.

“साडेचार इंचात अधिकारी बसत न्हाई,” बापू खेदाने म्हणाले.

“मी उभी राहते बापू. नाहीतरी सभेचे फोटो मलाच काढायचे असतात.”

“अधिकारी उभा ऱ्हायला तर बाकीच्यांनी बसायचं कसं?”

तिसऱ्या बैठकीत कल्याणरावांनी तोडगा आणला. अलफिया जे जे करते ते सगळं पदनामात घालायचं, म्हणजे तिला नंतर कशाला नाही म्हणता येणार नाही. यादी झाली. पदनाम झालं, ‘संकेतस्थळ मांडणी, उभारणी, छायाचित्रण, लेखन, दरप्रसिद्धी, तक्रारनिवारण, फ्लेक्सनिर्मिती व प्रिंटर-कागद-मुक्ती सहायक’. ‘सहायक’ शेवटी मुद्दाम ठेवलं, कारण सहायकाला सोफा लागत नाही. ओळखपत्राचा नमुना तयार करायचं काम अर्थातच अलफियाकडे आलं. तिने अक्षर बारीक केलं, आणखी बारीक केलं, दोन्ही बाजू वापरल्या. शेवटी पदनाम अचूक बसलं, फक्त तिच्या नावाला जागा उरली नाही.

कल्याणरावांनी कार्ड उन्हात धरून वाचलं. “छान झालंय. नाव नसलं तरी चालेल. संघाला पदाशी मतलब.”

“साहेब, मग हे कार्ड कुणाचं, ते गेटवर कळणार कसं?”

“आमच्या बायला इचारा,” राहीबाई पहिल्यांदाच बोलल्या. बाय म्हणजे त्यांची थोरली सून. “तिच्या आधारकार्डावर नाव हाय, पर घरात कुनी घेत न्हाई. तरी बरूबर वळखू येती. हाक मारली का तीच येती.” उपसमितीने याची इतिवृत्तात नोंद घेतली नाही.

सभा पंधरवड्यावर आली. आता कल्याणरावांनी शेवटचा आणि सर्वांत नियमशुद्ध मार्ग काढला. जाहिरात देऊन अर्ज मागवायचे. जाहिरातीत छापलं, ‘जागा एक. पदाचे नाव मागाहून कळवण्यात येईल.’ आणि ते कळवण्याची जबाबदारी समितीवर नको म्हणून नियम केला की निवड झालेल्या उमेदवाराचं अर्जातलं ‘सध्याचे पदनाम’ हेच त्याचं कायम पदनाम समजावं. अर्ज ऑनलाइन घ्यायचे, आणि तो फॉर्म अलफियानेच बनवायचा.

तिने बनवला. कल्याणराव सांगत गेले, ती घालत गेली. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय, सध्याचे पदनाम. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय सुटका नाही. पदनामाची यादी अठ्ठ्याऐंशीच्या तक्त्यातली. आणि जी पदं वेबसाइटशी संबंधित नाहीत, ती निवडणाऱ्याला ताबडतोब अपात्र ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलफिया घरी ओट्यावर लॅपटॉप ठेवून स्वतःचा अर्ज भरायला बसली. वडिलांपुढे तिने ‘वजनकाटे दुरुस्ती’ लिहिलं. आईपुढे यादीतलं पहिलंच ‘काही नाही’ दाबलं. सध्याच्या पदनामापुढे ‘कॅन धुलाई मदतनीस’ निवडलं आणि अर्ज पाठवला. पडद्यावर उत्तर आलं, ‘आपण या पदासाठी अपात्र आहात. कृपया कॅन धुवावेत.’

हे वाक्य कल्याणरावांनी सांगितलेलं होतं आणि तिनेच टाइप केलेलं होतं. टाइप करताना तिला ते फार गमतीचं वाटलं होतं. आता तिचे डोळे भरून आले.

“काय झालं गं?” तिच्या आईने, रोशनबीने विचारलं. तिचा एक हात शिलाई मशीनच्या चाकावर होता, मान वाकडी करून खांद्यावर धरलेल्या फोनवर ती एका दुकानदाराला ‘तुमचा काटा झालाय, तीन वाजता या’ असं सांगत होती, आणि पायाने पिठाच्या परातीकडे येणारी शेळी मागे ढकलत होती. चुलीवर डाळ होती.

“अम्मी, संघातलं सगळं मीच करते आणि फॉर्ममध्ये माझं काम कुठंच नाही.”

रोशनबीने फोन ठेवला, जवळ येऊन पडद्यावर बोट टेकवलं. “आन् हितं वर माझ्यापुढं काय लिव्हलंस?”

अलफियाने वाचलं. मग आईकडे बघितलं. शेळीने तेवढ्यात परात गाठली होती. अलफियाला इतकी लाज वाटली की तिला आधी रडू आलं आणि लगेच हसू फुटलं.

फॉर्म तिचा होता. तिने तो आतून उघडला आणि दोन्ही याद्यांत एक शब्द वाढवला, ‘सगळंच’. हे पद कशाशी संबंधित नाही असं कुणालाच म्हणता आलं नसतं. आईपुढे तिने ‘सगळंच’ निवडलं, स्वतःपुढेही ‘सगळंच’ निवडलं. अर्ज एका फटक्यात स्वीकारला गेला.

मुदत संपली त्या दिवशी कल्याणराव कागदांचा गठ्ठा घेऊन चेअरमनच्या केबिनमध्ये आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“बापू, दोनशे चौदा अर्ज आलेत. सगळ्यांचं सध्याचं पदनाम ‘सगळंच’ आहे.”

हनुमंतने अर्ज केला होता. तो चहा द्यायचा, बापूंची गाडी चालवायचा आणि बापू गावाला गेले की त्यांची सहीही करायचा. दूध संकलन केंद्रांवरच्या पोरींनी केला होता. राहीबाईंनी आपला आणि सुनेचा, असे दोन केले होते.

सहादेवबापूंनी गठ्ठा हातावर तोलून बघितला. “कल्याणराव, संघात दोनशे चौदा मानसं समदंच करत्यात. मंग आपुन काय करतो?”

कल्याणरावांनी फाइल चाळली. “आपण पदनाम ठरवतो, बापू.”

वार्षिक सभेत ठराव वाचला गेला. ज्येष्ठतेनुसार, म्हणजे अर्ज सर्वांत आधी आला म्हणून, कुमारी अलफिया गनीभाई पठाण यांना ‘सगळंच’ या पदावर कायम करण्यात येत आहे. उर्वरित दोनशे तेरा जणांनी सगळंच करत राहावं, मात्र आपापल्या जुन्या पदावर. टाळ्या पडल्या. अलफियाने आपल्याच नावाच्या टाळ्यांचा फोटो उभ्याने काढला. ओळखपत्रावर आता तिचं नाव मोठ्या अक्षरात बसलं, वर थोडी जागाही उरली. गमबूट मात्र चालू राहिले, कारण ते बंद करण्याचा ठराव कुणी मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टपरीवर कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. गनीभाईंनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि पावसाचा विषय न काढता म्हणाले, “पोरगी संघात सगळंच हाय.” मग काहीतरी आठवून त्यांनी जोडलं, “आईवर गेली.”

संघाचं हे असं असतं, म्हणून तुम्ही हसलात, बरं केलंत. पण गेल्या महिन्यात तुम्हीही एक फॉर्म भरलात. पोराच्या शाळेचा असेल, नाहीतर बँकेचा. त्यात लाल चांदणीचा, आईच्या व्यवसायाचा तो एक रकाना होता, आणि तिथं तुम्ही दोन शब्द लिहून पुढे गेलात. ते लिहिताना तुमच्या हाताशी चहा कोणी आणून ठेवला होता, तेवढं फक्त आठवून बघा.