छत्रीचा ठसा

माझ्या थोरलीच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घालायला दत्तोपंतांना दिले, अक्षर सुंदर म्हणून. परत आल्या तेव्हा प्रत्येक पत्रिकेवर, गणपतीच्या शेजारी, जांभळ्या शाईत छत्रीचा ठसा. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दत्तोपंत आपले शांत, त्यांना म्हणाले, "काकू, गणपती सगळ्या मुलखाच्या पत्रिकांवर असतो. छत्री फक्त आपल्या गावाची."

हे आमचे शेजारी, पाटणकर बाजारामागच्या गल्लीतले. बायको लवकर गेलेली, घरात ते आणि मुलगा वसंत. दरबारच्या इमारत खात्यात नकाशे काढायचे. संस्थान विलीन झालं, कागदांवरची जुनी मोहर गेली, आणि यांच्या डोक्यात एकच शिरलं: आता गावाची ओळख काय? मग स्वतःच शिसवी लाकडाचा ठसा कोरला. गल्लीच्या टोकाला कुणा विसरलेल्या सरदाराच्या समाधीवर दगडी छत्री आहे, तिचा. तेव्हा तिच्यात कोळसेवाल्याची पोती असायची आणि खांबाला म्हैस. पन्नास पावलांवर राहून मी तिच्याकडे कधी धड बघितलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

दत्तोपंत बघायला लावायचे. हलवायाच्या पुड्यांवर ठसा, किराण्याच्या पिशव्यांवर ठसा. माझ्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यावरसुद्धा. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला छत्रीपाशी न्यायचे आणि म्हणायचे, "मान वर करा." आत घुमटाला निळं कमळ रंगवलेलं होतं, अर्धं पोपडे होऊन गेलेलं. वसंत वैतागायचा. "बाबा, छोडो ना. लोक हसतात."

"हसू दे. हसायला तरी मान वर करतात."

मग मध्य भारत मोडला, मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या निघाल्या भोपाळला. गल्लीतली अर्धी घरं सरकारी नोकरीतली. रोज कुणाच्या तरी दारात टांगा. दत्तोपंत ठसा घेऊन हजर, हातावर दही पडायच्या आत ट्रंकेवर छत्री उमटलेली. सोबत स्टेशनावरही जायचे. तिथे एक गंमत झाली. हमालांना वाटलं, हा सरकारचाच शिक्का. "छतरी वाला माल पहले," असं ओरडत ते ठसा असलेल्या ट्रंका आधी चढवायचे, बाकीचं सामान नंतर. दत्तोपंत हे सांगून स्वतःच हसायचे.

वसंतची बदली झाली त्या दिवशी मीही स्टेशनावर होते. गल्लीतली तीन कुटुंबं एकाच गाडीने चाललेली, सामानाचा हा ढीग. छत्रीवाल्या ट्रंका भराभर वर गेल्या, गाडी सुटली, आणि फलाटावर एकच ट्रंक उरली. वसंतची. तिच्यावर ठसा नव्हता.

"अहो, मुलाच्या ट्रंकेवरच कसा नाही मारलात?"

"शाई संपली होती, वहिनी."

सकाळी त्यांच्या खिडकीत मी शाईची बाटली गळ्यापर्यंत भरलेली बघितली होती.

ट्रंक टांग्यात घालून आम्ही परत आणली. आठवडाभर ती त्यांच्या ओसरीवर होती. ते तिच्यावर बसून चहा प्यायचे. पार्सलने पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "पार्सलवाले आपटतात."

शनिवारी वसंत स्वतः आला. रागावेल असं मला वाटलं होतं. पण आला तो गल्लीच्या टोकाला थांबला. कोळशाची पोती बाजूला सारून आत गेला, आणि बराच वेळ मान वर करून उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, "बाबा, तिकडे दफ्तरात सगळे ट्रंकांवरचा ठसा बघून विचारतात, छत्री कशी आहे. मला सांगताच येईना, की आत कमळ किती पाकळ्यांचं आहे."

"बावीस उरल्यात," दत्तोपंत म्हणाले.

दोन दिवस राहिला. मी पिठलं-भाकरी पाठवली. निघताना त्यानेच ट्रंक पुढे सरकवली, खिडकीतली बाटली आणून ठेवली. "मारा ना, बाबा."

दत्तोपंतांनी ठसा शाईत बुडवला आणि तसाच धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "वहिनी, जरा झाकण उघडा."

"आतून मारणार?"

"आतूनच. बाहेर मारला की हमाल लगेच उचलतात."