चार तुकड्यांतल्या सासूबाई

सासूबाईंना चार तुकड्यांत उतरवून घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू चांगला होता. (माझे हेतू नेहमीच चांगले असतात. लोकांना त्यानंतरचं आठवतं.)

साल नव्व्याण्णव. आदल्या वर्षी माझ्या सासूबाई, तिसगावच्या गोजरबाई, गेल्या. शेवटच्या आजारपणात मेहुण्यानं, म्हणजे सम्राटनं, त्यांचं बोलणं टेप केलं आणि कॅसेट घेऊन तो दुबईला गेला. इकडे माझी बायको वृषाली घरात असून नसल्यासारखी. फोडणी टाकायची, गॅस बंद करायची आणि कढईकडे बघत उभी राहायची. शेवटी सम्राटनं तो आवाज इंटरनेटवर चढवला, आणि पहिल्या स्मृतिदिनाला सगळ्यांना आई ऐकवतो, असं मी जाहीर करून बसलो.

आमच्या सावेडीच्या घरात कॉम्प्युटर होता आणि फोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट. ऑफिसातल्या राधाकृष्णनं मला एक प्रोग्रॅम दिला. तो एका फाईलचे चार तुकडे करून चारही एकदम खेचायचा.

"म्हणजे चौपट वेग," मी वृषालीला समजावलं.

"फोनच्या तारा चार आहेत का?"

"तार एकच."

"मग अहो, एका नळाखाली चार बादल्या लावल्या म्हणून पाणी वाढतं का?"

हे तांत्रिक आहे, असं मी म्हणालो. (तांत्रिक म्हणजे मलाही न कळणारं.)

चौपट वेग हाताशी असल्यामुळे मी थेट स्मृतिदिनाच्या सकाळीच बसलो. पडद्यावर चार निळ्या पट्ट्या उमटल्या आणि प्रत्येक पट्टी पाव वेगानं सरकू लागली. बाहेर तिसगावची मंडळी आली, बुद्धवंदना झाली, खीर झाली. पट्ट्या निम्म्यावर. तेवढ्यात वृषालीच्या भीमराजमामांनी बाहेरच्या खोलीतला फोन उचलला.

"जावईबापू, ह्यात कुनीतरी चिरकतंय."

"मामा, ठेवा तो."

"ठिवला. पर आदी इचारलं, कोन बोलतंय म्हनून. सांगंना."

लाइन तुटली ती पुन्हा लागलीच नाही. सरळ एकच पट्टी ओढली असती, तर निदान पहिली निम्मी आई सलग मिळाली असती. आता माझ्याकडे चार सुरुवाती होत्या आणि शेवट एकाचाही नव्हता. मंडळी सतरंजीवर वाट बघत होती. आलं तेवढं जोडून मी वाजवलं.

"वृषे, बाळा, रडू नगं," सासूबाई म्हणाल्या. कुणी हललं नाही. "आमचं जावई लई हुशार हायेत..." खट्ट. "...पानी तापाया ठिव, मंग..." खट्ट. "...त्या म्हशीला इचारलं पायजे..." खट्ट. "...मला तुजं घर परत बगायचं हाय, पर..."

आणि संपलं.

"पण काय?" वृषालीनं स्पीकरला विचारलं. मग पदर तोंडाला लावून ती आत गेली. मला मागोमाग जायची हिंमत झाली नाही. कुणी रागावलंही नाही, ते जास्त वाईट होतं. फक्त मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हुशार म्हनली तुमाला." पुढचे काही दिवस मी त्यावरच काढले.

नंतरच्या रविवारी वृषाली स्वतः कॉम्प्युटरपुढे बसली. एक फाईल, एक तार, टेलिफोनवर उशी. मला तिनं लांब बसवलं. दुपार उलटली तेव्हा आवाज उतरला. ऐकायला आम्ही दोघंच.

"वृषे, बाळा, रडू नगं. आमचं जावई लई हुशार हायेत, आसं मी समद्या गावाला सांगून ठिवलंय. तू कुनाला खरं सांगत बसू नगं."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. आवाज चालू होता. पाणी झालं, म्हैस झाली.

"मला तुजं घर परत बगायचं हाय, पर न्हाई जमलं तरी मनाला लावून घिऊ नगं."

वृषाली खूप वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं फाईल पहिल्यापासून लावली, आणि जावयाच्या वाक्याशी येऊन वर्षभरात पहिल्यांदा हसली. मला फार बरं वाटलं.

मग तिनं उशी बाजूला केली, तिसगावला मामांना फोन लावला आणि फाईल पुन्हा सुरू करून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला.