सकाळचा थंडगार जोड

एका जंगलात वीज आली होती. जंगलात वीज कशाला, असं विचारू नका, बाळांनो. अस्वलसाहेबांना गुहेत गारवा हवा होता, म्हणून आली.

माळावरच्या खांबावर दोन तारांचा जोड होता. जोड म्हणजे तारांना घट्ट आवळून धरणारा धातूचा चिमटा. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, आयुष्य तीस वर्षं.

त्याच खांबाखाली एका टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवीला शाळा ठाऊक नव्हती, ऊन ठाऊक होतं. दुपारी ओढ्यावर जायचं, पोट भिजवायचं आणि तसंच येऊन अंड्यांवर बसायचं. नाहीतर अंडी उकडून जातात.

ओल्या पोटाने बसल्या बसल्या तिला वरून चुर्रचुर्र ऐकू यायचं. दुपारी गुहागुहांतले कूलर लागले की जोड तापायचा, फुगायचा. कूलर थांबले की निवायचा, आक्रसायचा. रोज फुगून, रोज आक्रसून त्याची पकड सुटत चालली होती. सैल म्हणून जास्त तापायचा, आणि तापला म्हणून आणखी सैल व्हायचा.

ती वायरमन वानराकडे गेली. त्याचं नाव हुपाजी.

"हुपाजीदादा, जोड तापतोय. खाली माझी अंडी आहेत."

"टिटवीबाई, आम्ही रोज तपासतो. एकदाही गरम लागला नाही."

"तपासता कधी?"

"पहाटे पाचला. साहेबांना ऊन सोसत नाही."

"आणि जोडाला सोसतं होय?"

"जोडाचं तीस वर्षांचं लिहून मिळालंय. साहेबांचं कुणी लिहून दिलंय?"

टिटवी साहेबांच्या गुहेपाशी गेली. साहेब आतूनच बोलले.

"बाई, टिटवी ओरडली की वाईट होतं म्हणतात. तुम्ही गप्प राहिलात तर काही व्हायचं नाही."

"राहते गप्प. तुम्ही एकदा भर दुपारी खांबाखाली येऊन बसा."

"तसा नियम नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कूलर आणखी वाढवला.

वैशाखातल्या एका दुपारी जोड लालभडक झाला. टिटवी जीव तोडून ओरडली. कुणी बाहेर आलं नाही. बाहेर ऊन होतं ना.

जोड वितळला. ठिणग्या वाळक्या गवतावर पडल्या. टिटवी ओढ्याकडे धावली, भिजून आली, अंड्यांवर बसली. पुन्हा गेली, पुन्हा बसली. सगळा माळ जळाला. तिच्या पोटाएवढी जागा तेवढी ओली राहिली. पिसं होरपळली, एक अंडं गेलं, तीन वाचली.

कूलर बंद पडल्यामुळे चौकशी मात्र तातडीने बसली. पहाटेच्या नोंदी काढल्या. जोड रोज थंड. टिटवी ओरडल्याचे साक्षीदार मात्र गुहेगणिक निघाले.

निकाल लागला : टिटवी ओरडली, म्हणून जोड जळला. तिला दुपारी ओरडायची बंदी झाली.

अंडी फुटली तशी ती तीन पिल्लं घेऊन पलीकडच्या माळावर चालती झाली. जाताना कुणाचा निरोपही घेतला नाही.

खांबावर नवा जोड बसला. आयुष्य तीस वर्षं. दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबांनी स्वतः हात लावून पाहिला. थंडगार होता.

तात्पर्य : जोड नेहमी पहाटेच तपासावा, म्हणजे तो कधीच तापत नाही. तरीही जळलाच, तर आधी कोण ओरडलं होतं ते शोधावं.