सशाच्या पानातलं भोक

एका जंगलात, बाळांनो, कागद नव्हता. वह्या नव्हत्या, म्हणून गृहपाठही नव्हता. हसू नका, गोष्ट गंभीर आहे.

तिथे ताडाच्या पानांवर लिहीत. पानं सुकवायची, घोटायची, सगळ्यांना एकाच जागी भोक पाडायचं. मग अणकुचीदार काट्यानं अक्षरं कोरायची, वर काजळी चोळायची आणि भोकातून दोरी ओवायची. झाली पोथी! दोन शब्दांमध्ये जागा मात्र सोडायची नाही. जास्त पानं लागली तर ताडावर चढणार कोण?

थोरल्या सिंहमहाराजांनी जंगलाचा कायदा अशाच पोथीत लिहवून घेतला होता. पहिल्या पानावर होतं, 'सशालाखाऊनये'. दुसऱ्यावर, 'राजालामारूनये'. सगळ्या प्रजेला तोंडपाठ. त्यामुळे पोथी कुणी उघडतच नसे.

पुढे थोरले महाराज वारले आणि पोथीला वाळवी लागली. नक्कल करायचं काम काटेपंत साळिंदराकडे आलं. लेखणी त्याच्या पाठीवरच उगवायची, म्हणून तो जंगलाचा लेखनिक. अक्षर कसं, बघत राहावं असं! अर्थाच्या वाटेला मात्र तो जन्मात गेला नाही. त्यानं आधी भोकं पाडली, मग भोकाभोवती थोडी जागा सोडून लिहिलं. भोक आलं सहाव्या अक्षरानंतर. जुनी पोथी रिवाजाप्रमाणे नदीत सोडली.

मग धाकट्या महाराजांनी भर दरबारात नवी पोथी उघडली. ते नुकतेच वाचायला शिकले होते. अक्षरावर पंजा ठेवून वाचू लागले.

"सशाला खाऊन..." इथे भोक आलं. महाराजांनी दम घेतला. "...ये."

"अरेच्चा! सशाला खाऊन ये! बाबांनी केवढं काम सांगून ठेवलंय, आणि मी इथे नुसता बसलोय!"

समोरच टिपरी नावाची सशीण होती. बिळात तिची चार पिल्लं वाट बघत होती.

"महाराज, ते 'खाऊ नये' आहे हो!"

"भोक कुठे आहे ते बघ. भोकापाशी थांबायचं, मग पुढे जायचं. मला शिकवू नकोस."

"काटेपंत, तुम्ही तरी सांगा! माझा जीव जायची वेळ आलीय!"

"बाई, जसं दिसलं तसं लिहिलं," काटेपंत म्हणाला. "एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मोजून घ्या."

खरंच होतं ते. सातच्या सात. मेल्याची चूक काढायची तरी कुठे!

महाराज उठले. त्यांनी जिभल्या चाटल्या. टिपरी लटलट कापत होती, पण कापता कापता अक्षरं मोजत होती. एकदम ती म्हणाली, "खा मला, महाराज. पण आधी दुसरं पान वाचा. कायदा अर्धाच कसा वाचायचा?"

"त्यात काय," म्हणत महाराजांनी पान उलटलं. "राजाला मारून..."

भोक.

पुढचं अक्षर महाराजांनी वाचलंच नाही. मागे गव्यांचा कळप उभा होता, त्यांनी ते वाचलं. गवे खुरांनी माती उकरू लागले.

"कायदा म्हणजे कायदा," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "मारून कुठे यायचं, तेवढं सांगा."

"थांबा! थांबा! लेखनात दोष आहे!" महाराज ओरडले. "काटेपंता, नवी पानं घे! दोन्ही पानांवर भोक एक अक्षर अलीकडे! आत्ताच्या आत्ता!"

काटेपंतानं मुकाट्यानं नवी पानं कोरली. महाराजांनी घाम पुसला आणि वाचलं, "सशाला खाऊ..." भोक. "...नये."

सुटली बिचारी! सगळ्यांना हायसं वाटलं. पण टिपरी काही जागची हलेना.

"आता काय गं?"

"भोकापाशी थांबायचं, असं महाराजच म्हणाले. 'सशाला खाऊ.' मी थांबलेय. कुठाय माझा खाऊ?"

"काहीतरीच बोलू नकोस! चल, नीघ!"

"बरं बाई. मग दुसरं पान भोकापर्यंत वाचते. मोठ्यानं वाचू?"

महाराजांनी ते आधी मनातल्या मनात वाचलं. 'राजाला मारू.' मग त्यांनी हळूच गव्यांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून टिपरीच्या बिळापाशी रोज सकाळी ताजी रताळी येतात. महाराज स्वतः तोंडात धरून आणतात. पिल्लं चांगली गुबगुबीत झालीत. सुंदर हस्ताक्षराबद्दल काटेपंताला शाल मिळाली, ती काट्यांत अडकून टरकन फाटली.

तात्पर्य : लिहिणाऱ्यानं अर्थाची काळजी करू नये, त्याला शाल मिळते. ज्याला राजाचं पान वाचता येतं, त्याला खाऊ मिळतो. म्हणून, बाळांनो, राजाचं पान चारचौघांत मोठ्यानं वाचूनये. मधली जागा कुठे सोडायची, ते तुमचं तुम्ही बघा.