साताऱ्याची बाजू

रशियाने कुत्री अंतराळात पाठवल्याची बातमी आली, तेव्हा पिंपरी स्टेशनाजवळच्या बोऱ्हाड्यांच्या हॉटेलात आम्ही नेहमीची मंडळी चहा पीत बसलो होतो. कोणी म्हणालं, आता लवकरच माणूसही जाणार. कोणी त्या मुक्या जनावराबद्दल हळहळलं. सातारकरांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "कुत्री मूळची कुठली?"

पेपर वाचणाऱ्याने सांगितलं की ती मॉस्कोच्या रस्त्यावरची, भटकी होती. सातारकरांचं समाधान झालं नाही. एवढ्या उंचावर टिकायचं तर जनावर काटक हवं, आणि तसली काटक जात माणदेशातल्या धनगरांकडेच मिळते, असं त्यांचं म्हणणं पडलं. रशियाची माणसं हल्ली आपल्याकडे येऊन-जाऊन असतात. नेलं असेल कोणी एखादं पिल्लू.

माणदेश सातारा जिल्ह्यात येतो, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. सातारा जिल्ह्याचा भूगोल आम्हाला सातारकरांनी तोंडपाठ करून दिला होता.

पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला आणि चारी बाजूंनी माणसं येऊन तिथे राहिली, त्या वेळची ही गोष्ट. मी राजापूरकडचा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. शेजारच्या क्वार्टरमध्ये हे गृहस्थ एकटेच राहत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, उंच, किरकोळ अंगाचे, मिशा पिकलेल्या, काळी टोपी अगदी कपाळावर ओढलेली. नोकरी स्टोअरमध्ये. सगळे त्यांना सातारकर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते त्यांचं आडनाव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं मूळ गाव विचारून घेतलं आणि मला माफ करून टाकलं. कोकणातल्या माणसाला लांबचं दिसत नाही, मधे सह्याद्री असतो, त्यात तुमचा काय दोष, असं म्हणाले. पुढे कुठल्याही बाबतीत माझं मत त्यांना पटलं नाही की ते नुसते पश्चिमेकडे बोट दाखवत. विषय तिथे संपायचा.

पेपर पुण्याहून गाडीने येई. हॉटेलात एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी पद्धत. सातारकर बातमी ऐकत ती तिच्यातल्या गावासाठी. साताऱ्यात दरोडा पडला तर दरोडेखोर बाहेरचे असत, कारण लुटण्यासारखं काही असतं तिथेच बाहेरचा माणूस येतो. पुण्यात दरोडा पडला तर ते गावच तसलं. कोल्हापूरला पूर आला तर लोकांनी नदीच्या पात्रात घरं बांधली असणार. माणदेशात दुष्काळ पडला तर तिथल्या लोकांची छाती मोठी, म्हणून देव त्यांना पारखून बघतो. एकदा साताऱ्याच्याच एका सरकारी कारकुनाला लाच घेताना पकडल्याची बातमी निघाली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी कारकुनाचं आडनाव पुन्हा वाचायला लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आजोळ सांगलीचं असणार."

सिनेमाचं तसंच. थंडीत गावाबाहेर तंबूचं टॉकीज लागे. खलनायक ज्या तऱ्हेने पान खातो त्यावरून तो पुण्याचा, आणि नायक ज्या तऱ्हेने फेटा बांधतो त्यावरून कऱ्हाडचा, हे सातारकर पहिल्या दहा मिनिटांत आमच्या कानात सांगून मोकळे होत. नायक पंजाबचा आहे असं कोणी सांगितलं तर म्हणायचे, पंजाबात आपली फौज केव्हाच गेली होती, तिथे राहिलेही असतील काही.

मोशीच्या जत्रेतल्या कुस्त्यांना मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. साताऱ्याचा पहिलवान सलामी देऊन उतरला आणि आम्ही नीट बसतो न बसतो तोच चितपट झाला. सातारकर डगमगले नाहीत. मोशीची माती चिकट आहे, पाय उचलत नाही, म्हणाले. बोऱ्हाडे मूळचे मोशीचे. ते शेजारीच बसले होते.

"आवो, दुसऱ्याचा पाय बरा उचलला," बोऱ्हाडे म्हणाले. "माती तर एकच हाय."

"त्याला सवय होती," सातारकर म्हणाले.

त्यांची खरी परीक्षा झाली निवडणुकीत. संयुक्त महाराष्ट्राची हवा होती, भिंती घोषणांनी रंगल्या होत्या, हॉटेलात टेबलं आपटून वाद चालत. सगळे पक्ष आणि धोरणं बोलत. सातारकर मात्र अस्वस्थ. आमच्या भागातल्या दोन्ही उमेदवारांचा साताऱ्याशी संबंध नव्हता. आठवडाभर त्यांनी चौकशा केल्या, तेव्हा एकाच्या बायकोचं माहेर वाईचं निघालं. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या पदयात्रेत. त्याची भाषणं त्यांना एकदम मुद्देसूद वाटू लागली. पंधरा दिवस हे चाललं आणि मतदानाच्या तोंडावर कोणीतरी बातमी आणली की दुसऱ्या उमेदवाराची आई कोरेगावची. सातारकर दोन दिवस हॉटेलात आलेच नाहीत. मत दिलं, पण कोणाला ते सांगितलं नाही.

हे सगळं ऐकून घेऊन खरोखर उत्तर देणारा एकच माणूस होता, काळे फोरमन. काळे नगरचे. जाड भुवयांचे, कमी बोलणारे, पण सातारकरांनी साताऱ्याचं नाव काढलं की त्यांना गप्प बसवत नसे. साताऱ्याच्या विरुद्ध बोलायचं ते काळ्यांनी आणि नगरच्या विरुद्ध बोलायचं ते सातारकरांनी, असा करार असल्यासारखं रोज चाले. नगरला धूळ आणि बाभळी सोडून काय आहे, असं सातारकर विचारत. साताऱ्याचा माणूस पोटभर जेवलो असं नुसतं सांगतो, प्रत्यक्षात घरी भाकरी मोजून असते, असं काळे म्हणत. आम्हाला करमणूक होती. सिनेमापेक्षा बरी.

मग ती साखर कारखान्याची बातमी आली. नगरकडच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी कारखाना काढला होता, त्याचं पेपरात मोठं कौतुक छापून आलं. काळे त्या दिवशी मुद्दाम पुढच्या बाकावर येऊन बसले होते. वाचून झाल्यावर सातारकर म्हणाले, उसाचं बेणं आमच्याकडून नेलं असणार. इथवर ठीक होतं. पण कोणी हसलं, त्यांना जोर आला आणि ते पुढे बोलून गेले, की नगरची माणसं आणि एकत्र येणार? पाच जणांना चार दिशांना तोंड करून बसायची सवय. हे सगळं कोणा बाहेरच्या माणसाने केलं आणि त्यांनी नुसते अंगठे उठवले.

काळे उठले. त्यांचा आवाज चढला नाही.

"माझा बाप बैलगाडीतून गावोगाव हिंडला त्या कारखान्यासाठी," ते म्हणाले. "एकेका घरी चार-चार वेळा गेला. त्याच हिंडण्यात ताप घेऊन आला आणि गेला. अंगठे उठवायला तो राहिला नाही."

अर्धा चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

सातारकरांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते काळ्यांच्या खात्यात गेले होते, पण काळे यंत्रावरून डोकं वर काढेनात, तेव्हा परत आले. त्यानंतर काळे हॉटेलात यायचे, कोपऱ्यात बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. सातारकरांशी शब्द नाही. सातारकरांनी सुरुवातीला दोन-तीनदा नगरचं नाव काढून पाहिलं. उत्तर आलं नाही. मग ते साताऱ्याचंही कमी बोलू लागले. बोलायचे ते असं, की बोलून झाल्यावर कोपऱ्याकडे एकदा बघायचे.

पावसाळा असाच गेला. पुढे एका रविवारी दुपारी मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. काळे माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काही काम होतं. एवढ्यात धोतर नेसलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे गृहस्थ क्वार्टरांचे नंबर बघत बघत आले. गणपत शेळके कुठे राहतात, असं त्यांनी विचारलं. या ओळीत शेळके कोणी नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी वर्णन केलं. उंच, किरकोळ, टोपी कपाळावर, बोलायला लागला की थांबत नाही.

"म्हणजे सातारकर," मी म्हणालो. "ते पहिल्या पाळीला गेलेत, येतील आता. तुम्ही साताऱ्याहून आलात का?"

म्हाताऱ्यांनी घोंगडी खाली ठेवली. "सातारकर म्हणता व्हय त्याला?" असं विचारून ते हसले, आणि मग हसायचे थांबले. "आमी पारनेरचे. मी थोरला भाऊ त्याचा."

पारनेर नगर जिल्ह्यात. मी काळ्यांकडे पाहिलं. काळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. इतक्या दिवसांचा हिशोब चुकता करायची संधी आयती चालून आली होती, आणि ते तसं काही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी म्हाताऱ्यांना फक्त विचारलं, मग साताऱ्याचं काय आहे?

माझ्या बायकोने पाणी आणून दिलं. म्हातारे पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं ते असं. गणपतची बायको यमुना कोरेगावची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं माहेराचं कौतुक चालू झालं. विहिरीचं पाणी, आंबे, कीर्तनकार, पुढारी, तमासगीर, जे काही चांगलं असेल ते साताऱ्याचं. गणपत नगरची बाजू घ्यायचा. चावडीवर पेपर वाचून घरी आला की बातमी सांगायचा आणि मग नवरा-बायकोची जी जुंपायची, ती जेवणं होऊन भांडी घासून होईपर्यंत. सगळी आळी ऐकायची. मूलबाळ झालं नाही, पण घरात कधी शांतता म्हणून नव्हती. तिच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. ती मुद्दा सोडायची नाही, आणि हा हरला तरी दुसऱ्या दिवशी नवी बातमी घेऊन हजर.

"ती गेली न्यूमोनियानं," म्हातारे म्हणाले. "तिचं तेरावं झाल्यावर हा पैल्यांदा चावडीवर आला. कुणीतरी साताऱ्याला नावं ठेवत व्हतं. आमाला वाटलं, हा बी हसंल. ह्यानं साताऱ्याची बाजू घेतली. तिच्यासारखंच बोलला, अगदी तिच्याच शब्दांत. तवापास्नं हे असं हाय. नोकरी लागली तसा इकडं आला. घरी ये म्हणलं तर येत न्हाई. घर लई गप झालंय म्हणतो."

आता गणपतच्या पुतण्याचं लग्न होतं, त्याचं आमंत्रण घेऊन ते आले होते.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला तसे काळे उठले आणि म्हाताऱ्यांना नमस्कार करून निघाले. फाटकापाशी त्यांची आणि सातारकरांची गाठ पडली. सातारकरांनी काळ्यांना पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या भावाला पाहिलं, आणि ते तिथेच उभे राहिले. काळे बाजूने निघून गेले. सातारकर आत आले, भावाच्या पाया पडले आणि घोंगडी उचलून त्याला आपल्या खोलीत घेऊन गेले. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दोन दिवस राहून भाऊ परत गेला. त्या संध्याकाळी सातारकर हॉटेलात आले. एकाने पेपर वाचायला घेतला. साताऱ्याला शेतीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि मंत्र्यांनी तिथल्या शेतकऱ्यांची पाठ थोपटली होती. एरवी या बातमीवर सातारकर अर्धा तास बोलले असते. ते बशीकडे बघत बसले.

कोपऱ्यातून काळ्यांचा आवाज आला. "मंत्र्यांना घरातली कोंबडी खाऊ घातली असेल. पाठ थोपटायला काय लागतं?"

सातारकरांनी मान वर केली. काळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि चेहरा नेहमीसारखाच आठ्यांचा.

"नगरला प्रदर्शन भरवायचं म्हटलं," काळे पुढे म्हणाले, "तर जागा पुरायची नाही. साताऱ्याला काय, एका मांडवात जिल्हा मावतो."

सातारकरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पहिलं वाक्य त्यांना नीट जमलं नाही. दुसऱ्यापासून गाडी रुळावर आली. कोयनेच्या भातापासून कोरेगावच्या घेवड्यापर्यंत सगळं आलं. काळे एकही मुद्दा सोडत नव्हते. सातारकर बाक सरकवत सरकवत कोपऱ्यापर्यंत पोचले. साखरेचा विषय त्यांनी काढला नाही. एकदा जिभेवर आला होता, पण त्यांनी तो गिळलेला मला दिसला. बोऱ्हाड्यांनी दिवा लावला, न सांगता दोघांपुढे पुन्हा चहा ठेवला, तरी वाद चालूच. शेवटी काळ्यांनी असं काही मुद्देसूद सुनावलं की सातारकरांना उत्तर सुचेना. सगळे हसले. सातारकरही हसले.

परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. आम्ही रेल्वेचं फाटक ओलांडलं. लग्नाला जाणार का, असं मी विचारलं. जाणार म्हणाले. काळ्यांचं गाव वाटेवरच आहे, ते त्यांच्या घरी एक मुक्काम करून जा म्हणत होते, असंही सांगितलं.

क्वार्टरापाशी आल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं, पण लगेच आत गेले नाहीत.

"यमुना असती ना," ते म्हणाले, "तर आज काळ्याला पळता भुई थोडी केली असती. मला तिच्याएवढं येत नाही."